कागदाला जाडी असते

सोमवार

या आठवड्याचं काम एकच: फ्लाइटगियर या उड्डाणाच्या सिम्युलेटरमधलं सेसना १७२पी हे छोटं विमान पडद्यावरून उतरवून १:३३ मापात, कागदाचं करून टेबलावर उभं करायचं. विमान मुद्दाम हे निवडलं. कागद एका वेळी एकाच दिशेने वाकतो. नळी होते, शंकू होतो, वाटी मात्र होत नाही. १७२ची शेपटीकडे निमुळती होत जाणारी बाजू जवळपास शंकूच आहे आणि पंखाचा आतला भाग एकाच रुंदीचा आहे. वाटीसारखे गोल भाग फक्त इंजिनाच्या झाकणापाशी आणि चाकांच्या टोप्यांवर येतात. टोप्या तर लावायलाच हव्यात असंही नाही.

सिम्युलेटर म्हणून फ्लाइटगियर निवडण्यामागे परवान्याचं कारण आहे. हे विमान जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, त्यामुळे त्याची त्रिमितीय फाइल उघडणं, बदलणं, त्यातून दुसरं काही घडवणं रीतसर चालतं. घडवलेला नमुना वाटायचा असेल तर तो त्याच परवान्याने आणि मूळ फायलींसकट वाटायचा, एवढी अट. विकतच्या ॲड-ऑनमधलं मॉडेल उपसून काढणं यात बसत नाही. ते करू नये.

विमान फ्लाइटगियरसोबत येतंच. पण गिटहब या संकेतस्थळावरची विकासातली आवृत्ती घेतली, तर झिप उलगडल्यावर फोल्डरच्या नावामागे ‘मास्टर’ असं शेपूट राहतं. ते काढून नाव नुसतं ‘सी१७२पी’ ठेवायचं, कारण आतल्या फायली एकमेकींना त्याच नावाच्या वाटेने शोधतात. शेपूट राहिलं की विमान यादीत दिसतं, पण उघडल्यावर काही भाग किंवा घड्याळं गायब असतात, आणि माणूस ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसतो. लाँचरला वाट सांगताना विमानाचं फोल्डर दाखवायचं नाही, ते ज्या फोल्डरात आहे ते दाखवायचं.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२०च्या आवृत्तीत हीच चूक उलट्या बाजूने होते. ‘कम्युनिटी’ फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा त्याच नावाचं फोल्डर, आणि ‘लेआउट.जेसन’ एक पायरी खोल गेलेली. सिम्युलेटर एवढ्या आत डोकावत नाही. ‘लेआउट’ आणि ‘मॅनिफेस्ट’ या दोन फायली पहिल्याच पायरीवर दिसल्या पाहिजेत. रंगाची एखादी फाइल हाताने बदलली किंवा नवी टाकली, तर ‘लेआउट’मधली तिची नोंदही नव्याने करावी लागते. यादीत नसलेली फाइल त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते.

मंगळवार

आज ब्लेंडर, म्हणजे त्रिमितीय मॉडेलं घडवायचं सॉफ्टवेअर. फ्लाइटगियरची मॉडेलं एसी३डी स्वरूपात असतात, त्यासाठी आयातीचं वेगळं ॲड-ऑन बसवावं लागतं. फाइल उघडली की आधी फेकाफेक: खुर्च्या, घड्याळांची पाटी, पायलट, दिव्यांचे झोत, फिरत्या पंख्याची धूसर चकती. मागे फक्त बाहेरचं कवच राहू द्यायचं.

मग खरा घोळ दिसतो. पडद्यावरचं मॉडेल बघण्यासाठी केलेलं असतं. पंख धडात सरळ घुसलेला असतो, कारण आतलं कुणाला दिसत नाही. एलेरॉन आणि फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या धारेवरच्या पट्ट्या, हलायचे असतात म्हणून वेगळे तुकडे असतात. एकाच जागी दोन-दोन बिंदू बसलेले असतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: त्या पृष्ठभागांना जाडीच नसते. पुढचा सगळा आठवडा या नसलेल्या जाडीची भरपाई करण्यात जातो.

क्रम असा बरा. एक मिलिमीटरच्या आतले बिंदू एकत्र करायचे. फ्लॅप, एलेरॉन पंखाला जोडून एकसंध करायचे, त्यांच्या रेघा छपाईत दाखवता येतात. पंख आणि धड जिथे एकमेकांत घुसतात तिथे छेद घेऊन आतला भाग काढून टाकायचा. मग बारीक पट्ट्यांची छाटणी. कागदावर २ मिमीपेक्षा अरुंद पट्टी नीट दुमडता येत नाही. १:३३ला २ मिमी म्हणजे खऱ्या विमानावर ६६ मिमी. त्याहून बारीक असलेली प्रत्येक कड काढायची. जीव हळहळतो, कारण कुणीतरी मन लावून ती गोलाई घातलेली असते. पण कागदावर ती गोलाई घड्यांनी येत नाही, कागद वळवून येते.

चौकोनी तुकडे पिळलेले असतील तर उद्या मॉडेल सपाट कागदावर उलगडताना त्या कामाचं ॲड-ऑन तक्रार करतं. असा चौकोन कर्णावर कापून दोन त्रिकोण केले की प्रश्न मिटतो. मात्र सरसकट सगळ्याचे त्रिकोण करू नयेत, नाहीतर शेपटीच्या सुरेख शंकूवर नको तिथे घड्या उमटतात.

बुधवार

मापं आधी वहीत मांडली. खरं विमान: पंखांचा विस्तार ११ मीटर, लांबी ८.२८, उंची २.७२. भागिले ३३: ३३३ मिमी, २५१ मिमी, ८२ मिमी. पंखाची रुंदी मुळाशी १.६३ मीटर म्हणजे ४९ मिमी, टोकाला १.१२ मीटर म्हणजे ३४. पंखाचा छेद ‘नाका २४१२’ नावाच्या ठरीव आकाराच्या घराण्यातला, जाडी रुंदीच्या १२ टक्के. म्हणजे मुळाशी पंख सुमारे ६ मिमी जाड यायला हवा. उलगडलेल्या तुकड्यांवर हे आकडे पट्टीने तपासायचे. मापात गफलत असेल तर ती इथेच सापडते, कापल्यावर सापडून उपयोग नाही.

१:३३ हे पोलंडच्या कागदी विमानांचं माप. ‘मावी मोडेलाश’ हे मासिक १९५७पासून या छंदाची शाळाच झालं आहे. त्याच मापात केलं की आपलं १७२ त्या परंपरेतल्या विमानांशेजारी शोभतं.

शिवणी कुठे घालायच्या हा दिवसभराचा विचार. शिंपी जसा शिवण काखेत लपवतो, तशी धडाची शिवण पोटाखाली आणि पंखाची मागच्या धारेला. धड लांबीत एकसंध उलगडायचं नाही. आठ-नऊ कडी करायची, प्रत्येक कड्याच्या तोंडाशी एक फॉर्मर, म्हणजे आतून आकार धरणारी पुठ्ठ्याची चकती. इंजिनाचं झाकण पाकळ्यांचं. ब्लेंडरच्या ‘पेपर मॉडेल’ ॲड-ऑनमध्ये मापाच्या जागी ३३ घातलं, कागद ए४ केला आणि शिवणी खुणावल्या, की उलगडा एसव्हीजी किंवा पीडीएफमध्ये मिळतो.

ॲड-ऑन तुकडे पानावर गच्च बसवतं आणि तिथेच फसवतं. कागदात तंतूंची दिशा असते हे त्याला ठाऊक नाही. पंखाचं एक अंग उलगडल्यावर साधारण १६७ बाय १०० मिमी होतं. आडवं ठेवलं तर दोन्ही अंगं एकाखाली एक एका ए४वर बसतात. पण ए४चे तंतू बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतात, मग पंखाची पुढची गोलाई तंतूंच्या आडवी येते आणि कागद वळण्याऐवजी मोडतो. उभं ठेवायचं म्हटलं तर छपाईच्या समासामुळे एका पानावर एकच अंग मावतं. दोन पानं लागू देत. कागद स्वस्त आहे.

गुरुवार

तंतूंची दिशा ओळखायला कागदाचा चौकोन कापून एका बाजूने ओल्या बोटाने पुसायचा. तो वळतो, आणि त्या वळलेल्या नळीचा आस म्हणजे तंतूंची दिशा. धडाची कडी याच आसात वळवायची.

पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे कागद दमट होतो आणि तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. गठ्ठा छपाईआधी दिवसभर त्याच खोलीत उघडा ठेवायचा आणि सगळी पानं एकाच दिवशी छापायची. आज निम्मी, उद्या निम्मी छापली तर कड्यांची तोंडं जुळत नाहीत.

शुक्रवार

छपाई. कवचासाठी १६० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) कागद, पंखांना आधार देणारे खांब आणि चाकांच्या टोप्यांसारख्या बारीक वळणांसाठी १०० जीएसएम, फॉर्मरसाठी १ मिमी पुठ्ठा. छपाईच्या खिडकीत ‘पानात बसवा’ ही खूण काढून १०० टक्के ठेवायचं. अमेरिकेत केलेले नमुने बऱ्याचदा लेटर मापाच्या पानावर असतात, २१६ मिमी रुंद. ए४ आहे २१०. बसवायला गेलं की सगळं ९७ टक्क्यांवर येतं आणि पुठ्ठ्याची जाडी मात्र तीच राहते. मग खाचा घट्ट होतात. पानाच्या कोपऱ्यात १०० मिमीची रेघ काढून ठेवावी, ती छापल्यावर मोजावी.

माप बदलायचं तरी हेच लक्षात ठेवायचं. १:३३चं १:५० करायला ६६ टक्के. म्हणजे कवचाचा कागदही १०५ जीएसएमच्या आसपास उतरवायचा आणि १ मिमीच्या खाचा ०.६६च्या होतात म्हणून पुठ्ठाही तेवढाच पातळ घ्यायचा. छोटं मॉडेल जाड कागदावर छापलं की ते ढोबळ दिसतं ते याच कारणाने.

रंगांचं गणित वेगळं. सिम्युलेटरमधल्या रंगाच्या चित्रात धडाची पूर्ण लांबी २०४८ ठिपक्यांत असेल तर एक ठिपका खऱ्या विमानावर ४ मिमीचा, कागदावर ०.१२ मिमीचा. म्हणजे इंचाला साधारण २०७ ठिपके. रंगाच्या पट्ट्यांना हे चालून जातं. १०२४चं चित्र असेल तर निम्मेच, आणि पट्ट्यांच्या कडा धूसर येतात. व्हीटी-ने सुरू होणारी भारतीय नोंदणीची अक्षरं, दारांच्या रेघा, रिव्हेटच्या ओळी या तर चित्रातून घेऊच नयेत. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या थरावर नव्याने काढाव्यात. अक्षरं टोकदार आली की सगळं मॉडेल टोकदार वाटतं.

इंकजेटची शाई फेविकॉलच्या ओलाव्याने फुटते, त्यावर मॅट वार्निशचा पातळ फवारा द्यायचा, दोनदा, मध्ये वाळू देऊन. लेझरची छपाई ओलावा सहन करते, पण घडीवर रंगाचा थर तडकून पांढरी रेघ दिसते. मला तरी इंकजेट आवडतं.

शनिवार

कापणं. नवं पातं, स्टीलची पट्टी, खाली कटिंग मॅट. आधी सगळ्या घडीच्या रेघा शाई संपलेल्या बॉलपेनाने दाबून घ्यायच्या, मग बाहेरची कड कापायची. उलटं केलं तर छोटा तुकडा पट्टीखाली सरकतो. कापलेल्या कडांची पांढरी धार त्या-त्या रंगाच्या पेन्सिलीने किंवा जलरंगाने बुजवायची. हे एकच काम टाळलं तर बाकी सगळी मेहनत दुरून पांढऱ्या चौकटींत कापल्यासारखी दिसते.

कड्याला मऊ माउसपॅडवर गोल काडीने लाटून बाक द्यायचा. शिवणीमागे आतून पट्टी लावून कडा समोरासमोर आणायच्या, एकीवर एक चढवायच्या नाहीत.

आता जाडी. १६० जीएसएम कागद साधारण ०.२ मिमी, आतली जोडपट्टी आणखी ०.२. म्हणजे फॉर्मर छापल्या आकाराच्या सभोवती जवळपास अर्धा मिमी आत हवा. सॉफ्टवेअरने दिलेला आकार जसाच्या तसा कापला तर फॉर्मर घट्ट बसतो, समाधान वाटतं, आणि वाळल्यावर प्रत्येक जोडापाशी धड फुगलेलं दिसतं, बरगड्या वर आलेल्या जनावरासारखं. मोठा फॉर्मर पॉलिश पेपरवर घासून उतरवता येतो; लहान झालेला पुन्हाच कापावा लागतो. थोडा ढिला बसला तर चालतो, कागद आपला गोल धरतो.

सुरुवात केबिनच्या कड्यापासून करून पुढे-मागे जायचं. शेपटीकडून सुरुवात केली तर कड्याकड्याला साठत गेलेला पीळ पंखाच्या जागेशी येऊन कळतो, आणि तेव्हा उपाय नसतो. फेविकॉल टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच. पाण्याने पातळ केलेला फेविकॉल कवचाला कधीच लावू नये.

रविवार

पंखाला आतून तुळई: १ मिमी पुठ्ठ्याचे दोन थर, दोन्ही पंखांत सलग. १७२चे पंख आडव्या पातळीपासून पावणेदोन अंशांच्या आसपास वर जातात. १:३३ला टोक मुळापेक्षा ५ मिमी वर. तुळई त्या कोनातच कापायची आणि वाळेपर्यंत दोन्ही टोकांखाली ५ मिमीच्या ठोकळ्या ठेवायच्या. नजरेच्या अंदाजाने हे जमत नाही.

खांबांसाठी अगरबत्तीची बांबूची काडी गाभ्याला, वरून १०० जीएसएमचं कवच. चाकं पुठ्ठ्याच्या चकत्यांची: मागची साडेतेरा मिमी व्यासाची, पाचेक थरांची, पुढचं चाक अकरा मिमीचं. थर चिकटले की कडेला पातळ सुपरग्लू पाजून, वाळवून घासायचं, मग पुठ्ठा लाकडासारखा गोल होतो. पंखा सुमारे ५८ मिमी.

खांब धडाला नेमके कुठे टेकतात, किती तिरके जातात, हे बघायला पुन्हा फ्लाइटगियर. तळ जुहू, विमानतळाचा कोड व्हीएजेजे. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथने याच मैदानावर उतरले, त्यामुळे उच्चपंखी छोटं विमान इथे उभं बघणं मला फार आवडतं. भूभाग आपोआप उतरला नाही तर ‘ई०७०एन१०’मधलं ‘ई०७२एन१९’ फोल्डर तपासायचं. फ्लाइटगियर रेखांश आधी लिहितो, एक्स-प्लेन अक्षांश आधी: तिथे हाच चौकोन ‘+१९+०७२’. दोन्ही सिम्युलेटर वापरणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. एक्स-प्लेनमध्ये शिवाय ‘सीनरी पॅक्स’च्या यादीचा क्रमही बघावा: विमानतळ वर, जमिनीची चित्रं खाली, उंचसखलपणाचा मेश सगळ्यात तळाशी. मेश वर गेला की खालचं सगळं झाकलं जातं.

विमान थांबवून ‘पी’ने वेळ गोठवायची, ‘व्ही’ने बाहेरच्या दृश्यात यायचं, दूर जाऊन ‘एक्स’ने जवळ ओढायचं. दृश्याचा कोन जितका अरुंद तितकं चित्र आराखड्यासारखं सपाट मिळतं. जवळून रुंद कोनात घेतलेल्या चित्रात नाक फुगतं आणि खांब खोटे तिरपे दिसतात. समोरून एक, बाजूने एक चित्र घेतलं, ३३३ मिमी विस्ताराला छापलं आणि मॉडेल त्यावर उभं धरलं. डाव्या खांबाचं खालचं टोक मिलिमीटरभर पुढे आलं आहे. गोंद अजून ओला आहे, तो सुटेल.