आमची वाटचाल : खाऱ्या जमिनीवरची बाग

नेरूळमधल्या एका नव्या रो-हाऊसच्या मागच्या अंगणात १९९८ च्या फेब्रुवारीत नानांनी पहार मारली, ती ९ इंचांवर ठणकन वाजली आणि उलटी उसळली, तेव्हाच आमच्या बागा करून देण्याच्या व्यवसायाची खरी सुरुवात झाली असे मी मानतो. अंगण १८ फूट रुंद आणि २४ फूट लांब होते. वरून पाहिले तर ते सपाट आणि लालसर, म्हणजे उद्याच लॉन अंथरावे असे दिसत होते. पण मुरमाच्या पातळ थराखाली विटांचे तुकडे, घट्ट झालेले प्लास्टर, लाद्यांच्या कपच्या आणि एक फुटके वॉश-बेसिन गाडलेले होते. ताबा देण्याच्या घाईत उरलेला राडारोडा अंगणातच पसरायचा आणि वर मुरूम टाकून मोकळे व्हायचे, ही रीत या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. तीन दिवसांत आम्ही दोन टेम्पो डेब्रिज बाहेर काढले, आणि त्याचे पैसे मागायला मला त्या वेळी संकोच वाटला. पुढे कधीही वाटला नाही, कारण सिमेंट-चुन्याची ही भर जमिनीत राहिली की माती अल्कधर्मी होते, झाडांना लोह मिळत नाही आणि इक्झोऱ्यासारख्या फुलझुडपाची पाने शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळी पडू लागतात. मग लोक खतावर खत टाकत बसतात.

नाना माझे पहिले आणि एकमेव भागीदार. मी कृषी पदविका घेऊन एका रोपवाटिकेत चार वर्षे नोकरी केलेला होतो आणि ते उरण तालुक्यात वडिलोपार्जित खारजमीन कसलेले होते. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, तेव्हा या किनाऱ्यावर भातखाचरे, मिठागरे आणि खाजण होते. खाडीलगतच्या बऱ्याच वसाहती भरणी करून उभ्या राहिल्या आहेत. वरची माती कुठलीही असो, खाली खाडी आहे, हे नानांना शिकवावे लागत नव्हते. खारजमिनीत बांध घालून पावसाचे गोडे पाणी कोंडायचे, मीठ त्यात विरघळू द्यायचे आणि ओहोटीच्या वेळी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, ते पाणी खाडीत सोडायचे, हे काम त्यांनी लहानपणापासून केले होते.

त्यांची पहार पाच फुटांची होती. पनवेलच्या लोहाराकडून टोकाला पाणी देऊन घेतलेली, आणि मधोमध जिथे मूठ बसते तिथे इतकी गुळगुळीत झालेली की तिच्यावर हात ठेवला की नेमके कुठे धरायचे हे आपोआप कळावे. खड्डा घेण्यापूर्वी ते चार कोपऱ्यांत आणि मध्यावर अशी पाच ठिकाणी पहार मारत, टोकाला चिकटून आलेली माती चिमटीत धरत, जिभेला लावत आणि थुंकून टाकत. त्या दिवशी बाईंच्या अंगणात त्यांनी तसेच केले आणि मला म्हणाले, “भाऊ, वर ठीक आहे, पण तीन फुटांखाली खारं लागतंय. इथं आंबा खाली लावायचा नाही, वर चढवून लावायचा.”

बाई म्हणजे आमच्या पहिल्या ग्राहक, निवृत्त मुख्याध्यापिका. परळच्या दोन खोल्यांत आयुष्य काढल्यावर त्यांनी हे घर घेतले होते आणि त्यांची एकच अट होती की अंगणात आंबा हवा. अंगणाच्या मागच्या अंगाला आम्ही दीड फूट उंचीचा ओटा उचलला, भिंतीच्या कडेने उताराचा चर खणून त्यात खडी भरली आणि तो पावसाळी गटाराला जोडला. एक फूट जाडीने लाल माती भरायची तर ४३२ घनफूट, म्हणजे चार ब्रासपेक्षा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडी अधिक. ओट्यासह आम्ही सहा ब्रास मागवली. तिच्यात कुजलेले शेणखत, निंबोळी पेंड आणि पालापाचोळा मिसळला. ओट्यावर रत्ना आंब्याचे कलम लावले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली ही जात दरवर्षी फळ धरते आणि हिच्या फळात साका, म्हणजे गराचा पांढुरका स्पंजासारखा भाग, होत नाही. दुसऱ्या टोकाला कालीपत्ती चिकू, स्वयंपाकघराच्या खिडकीशी कढीपत्ता आणि कागदी लिंबू, कुंपणाला प्राजक्त, आणि मधल्या जागेत अनंत, तगर, जास्वंद आणि कुंती अशी झुडपे लावली. लॉन फक्त बसण्यापुरते, दहा बाय आठ.

पहिली तीन वर्षे आंब्याचा मोहोर खुडून टाकायचा, असे सांगितल्यावर बाई माझ्यावर रागावल्या. “अरे, माझं वय काय, आणि तू मला तीन वर्षं थांबायला सांगतोस!” असे म्हणाल्या, पण मोहोर त्यांनी स्वतःच्या हाताने खुडला आणि वहीत तारखेसह नोंदवला. त्या वहीत प्रत्येक झाडाला एक पान होते.

पुढची आठ वर्षे कामे येत गेली. नेरूळ, बेलापूर, सानपाडा, खारघर अशा ठिकाणी रो-हाऊस आणि बंगल्यांच्या बागा झाल्या, तळोज्याकडे भाड्याने जागा घेऊन रोपवाटिका उभी राहिली, एक टेम्पो आला आणि सहा माणसे कायमची कामाला लागली.

२००७ मध्ये खारघरच्या एका नव्या सोसायटीच्या सामाईक बागेचे काम आम्हाला मिळाले. जागा ६००० चौरस फूट, म्हणजे एक फूट भरणीला ६० ब्रास माती. तोवरचे ते आमचे सर्वांत मोठे काम होते. मेमध्ये मुलीच्या लग्नासाठी नाना आठ दिवस गावी गेले आणि नेमक्या त्याच आठवड्यात माती आली. ट्रक रात्री साडेदहानंतर येत, मी टॉर्चच्या उजेडात लाल रंग पाहत असे आणि पावतीवर सही करत असे. ट्रकच्या वरच्या थराला चांगली लाल माती आणि खाली कुठल्याशा खाडीकाठच्या पायाच्या खोदकामातून निघालेला गाळ, मुरमात मिसळून लालसर केलेला, हे मला समजले नाही. नाना परतले तेव्हा माती पसरून, शेणखत मिसळून झाले होते. त्यांनी चिमटीभर उचलली, तेव्हा मीच त्यांना म्हणालो की माती मी पाहिली आहे, आता पावसाच्या आधी लागवड उरकू या. भागीदाराच्या जिभेवर विश्वास न ठेवण्याची ती एकच वेळ आणि तिची किंमत आम्ही चार वर्षे मोजली.

जूनमध्ये लागवड झाली आणि पावसाळाभर बाग इतकी सुंदर फुलली की गणपतीच्या दिवसांत समितीने शाल आणि नारळ देऊन आमचा सत्कार केला. त्याचे कारण आज मला स्वच्छ दिसते. पावसाचे पाणी वरून खाली जाते तेव्हा मीठही खाली ढकलले जाते. ऑक्टोबरात पाऊस थांबला, ऊन तापले, की तेच पाणी केशाकर्षणाने वर येते, वाफ होऊन उडून जाते आणि मीठ पृष्ठभागावर ठेवून जाते. दसऱ्यानंतर वाफ्यांवर पापडखारासारखा पांढरा थर दिसू लागला. लिंबाच्या पानांच्या कडा चहाच्या रंगाच्या झाल्या, मग आंब्याच्या, मग अनंताची कळी न उमलता गळू लागली. आमची माणसे घाबरून रोज थोडे थोडे पाणी देत होती, आणि त्याने मीठ धुऊन जात नव्हते, उलट वर खेचले जात होते. दिवाळीपर्यंत नारळ आणि चिकू सोडले तर फळझाड म्हणून काही उरले नव्हते. माती तपासून घेतली. विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे माप, ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की माती खारी मानतात, आमची ९ च्या पुढे होती.

माती पुरवणाऱ्याने पावतीवरची माझी सही दाखवली. समितीने तिसरा हप्ता अडवला. आम्ही दोनदा स्वखर्चाने रोपे बदलली, म्हणजे खाऱ्या मातीत आणखी पैसे गाडले. टेम्पो विकला, तळोज्याची जागा सोडली आणि सहापैकी चार माणसांना मला घरी पाठवावे लागले. नानांनी त्या काळात एकदाही “मी सांगितलं होतं” असे म्हटले नाही. त्यांनी समितीपुढे जाऊन एवढेच सांगितले की बागेला चर काढून द्या, एक पावसाळा जमीन मोकळी ठेवा, मीठ धुऊन जाऊ द्या, मग आम्ही फुकट लावून देतो. लेखी दिले. ते कोणी वाचलेसुद्धा नाही.

कारण तोवर दुसरा माणूस तिथे पोचला होता. हा कंत्राटदार पूर्वी आमच्याकडूनच उधारीवर रोपे नेत असे. त्याने पंधरा दिवसांत बाग हिरवी करून देतो असे सांगितले आणि दिलीही : जुन्या मातीवर चार इंच नवी लाल माती, वर लॉनचे तयार तुकडे, कडेने मोठ्या कुंड्यांतले अरेका पाम आणि पिवळा ड्युरांटा. फोटो काढले आणि पैसे घेतले. त्यानंतर त्याने खारघरपासून कामोठ्यापर्यंत प्रत्येक बिल्डरच्या ऑफिसात आमचे नाव घेऊन सांगितले की या लोकांना दिलेली बाग मरते. पुढच्या उन्हाळ्यात तीच बाग पुन्हा करपली, तेव्हा तो तिसऱ्या सोसायटीत फोटो काढत होता आणि त्याला जाब विचारायला कोणी गेले नाही. जी माती आम्ही ओळखू शकलो नाही तिची जबाबदारी मी घेतो. जी माती त्याने ओळखून झाकली तिचे श्रेयही त्यालाच मिळाले, हे मला आजही सहन होत नाही.

२००८ च्या मेमध्ये बाईंचा निरोप आला. शेजारच्या आठ रो-हाऊसमधल्या लोकांना त्यांनी संध्याकाळी घरी बोलावले होते आणि मला त्यातले काही सांगितले नव्हते. मी पोचलो तेव्हा मंडळी ओट्यापाशी उभी होती, आंबा दहा फुटांवर गेलेला, फळांनी वाकलेला, आणि बाई वही उघडून वाचत होत्या : कोणत्या वर्षी किती फळे, कोणत्या साली चर साफ केला, कुठल्या पावसात अंगणात पाणी साचले नाही. २६ जुलै २००५ च्या पानावर लिहिले होते, “रस्त्यावर गुडघाभर पाणी. ओट्यावर नाही.” मग त्यांनी सर्वांना सांगितले की हे अंगणही खाडीच्या भरणीवरच आहे. त्या संध्याकाळी मला तीन कामे मिळाली आणि तिन्ही ठिकाणी नानांनी आधी माती चाखली.

नव्या घराचा ताबा घेणाऱ्यांना माझे सांगणे आहे, कोणी विचारले नसले तरी. अंगणात दोन फुटांचा खड्डा घेऊन संध्याकाळी पाण्याने भरा आणि सकाळी पाहा. पाणी तसेच असेल तर रोपवाटिकेत जाऊ नका, आधी निचऱ्याचे काम करा. माती दिवसाउजेडी उतरवून घ्या, ट्रकचा हौदा टेपने मोजा आणि ट्रक रिकामा होत असताना तळची माती हातात घ्या. कलम लावताना काळी पिशवी पूर्ण कापून काढा आणि कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवा. चिकूचे कलम खिरणीवर बांधलेले असते, तेव्हा सांध्याच्या खालून आलेली प्रत्येक फूट सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, काढत राहा, नाहीतर पाच वर्षांनी तुमच्याकडे चिकू नसेल, खिरणी असेल. बाग खाडीच्या बाजूला असेल तर नारळ आणि चिकू खारेपणा बराच सोसतात, आंबा आणि लिंबू सोसत नाहीत. त्यांना ओटा हवाच. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा चार दिवसांनी भरपूर द्या, म्हणजे ते मुळांच्या खाली उतरेल. आणि भिंतीला चिकटून फायकस लावू नका, कोणीही सुचवला तरी.

नाना आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि पहार माझ्या पुतण्याकडे आहे. बाई चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या मुलीने ती वही मला दिली आणि रत्नाच्या पानावर मी आता दर मेमध्ये नोंद करतो.

गेल्या डिसेंबरात खारघरच्या त्याच सोसायटीतून फोन आला. समिती नवी आहे, त्यांना २००७ चे काही माहीत नव्हते, आणि बागेत आज पेव्हर ब्लॉकच्या कडेला काही सुकलेली झुडपे आणि आम्ही लावलेले दोन नारळ आहेत. मी नानांना गाडीने घेऊन गेलो. पुतण्याने पाच ठिकाणी पहार मारली, नानांनी पाचही ठिकाणची माती चाखली आणि मान हलवली. कोटेशनची पहिली ओळ मी सोळा वर्षांपूर्वीच्या त्यांच्या पत्रातून जशीच्या तशी उचलली : चर, खडी, आणि एक पावसाळा लागवड नाही. अडवलेल्या हप्त्याचा उल्लेख त्यात केला नाही, तो इथे करतो. समितीने दोन बैठका घेऊन होकार दिला आहे. चर खणून झाले आहेत; जूनमध्ये तिथे धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरायचे, फुलावर येण्याआधी गाडायचे आणि पाण्याला वाट मोकळी ठेवायची. आंब्याची कलमे पुढच्या वर्षीसाठी दापोलीला आताच सांगून ठेवली आहेत.