जंगलाच्या हवेतले कण तापवताना

महाबळेश्वरच्या रानात हवेतले कण मोजतेय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर धूळ येते. मला हवे होते ते 100 नॅनोमीटरच्या आसपासचे, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. झाडं आयसोप्रीन, पिनीन असे वायू सोडतात. हवेतला ओझोन आणि हायड्रॉक्सिल मूलकं (OH हे अतिक्रियाशील कण) त्यांना गाठतात, रेणूंना ऑक्सिजन चिकटत जातो आणि वायू म्हणून तरंगत राहणं त्यांना जमेनासं होतं. मग ते कणांवर बसतात. किती घट्ट बसतात, हे मला शोधायचं होतं. सैल बसलेला रेणू दुपारच्या उन्हात पुन्हा उडून जातो. घट्ट बसलेला कणाला वाढवतो आणि असा वाढलेला कण पुढे ढगाच्या थेंबाचं बीज होऊ शकतो. कृष्णेच्या उगमापाशी, जिथे पावसाळाभर ढग जमिनीवर टेकलेले असतात, तिथे हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. पुण्याच्या आयआयटीएमची (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची) ढगांवर काम करणारी प्रयोगशाळाही 2012 पासून महाबळेश्वरातच आहे.

मांडणी सांगायला सोपी आहे. झाडांच्या शेंड्यांजवळून हवा आत घ्यायची, सिलिका जेलमधून कोरडी करायची आणि दोन वाटांनी सोडायची. एक वाट साध्या नळीची, दुसरी तापनळीची. तापनळीत तापलेल्या भागानंतर सक्रिय कोळसा असतो. कणांतून सुटलेली वाफ तो शोषून घेतो, नाहीतर हवा गार होताच ती पुन्हा कणांवर जमेल. दोन्ही वाटांची हवा आळीपाळीने एकाच यंत्रात जाते. ते कणांना आकारानुसार निवडतं आणि ब्युटॅनॉलच्या वाफेत फुगवून मोजतं. 50, 75, 100, 150, 200 अंश असं तापमान चढवत न्यायचं आणि साध्या वाटेच्या तुलनेत कणांचं किती आकारमान उरलं ते पाहायचं.

मात्र जे उरलं नाही ते सगळं उडून गेलं, असं धरता येत नाही. काही कण नळीच्या भिंतीलाच चिकटतात. म्हणून आधी मिठाचे कण सोडले. मीठ 200 अंशांना उडत नाही, तेव्हा मिठाची जी घट दिसते ती नळीची. प्रत्येक आकाराला, प्रत्येक तापमानाला ही घट वेगळी काढावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते न करता काढलेल्या आलेखावर माझा विश्वास बसत नाही.

खरा पेच वेळेचा होता. तापनळीत कण जेमतेम काही सेकंद राहतो. तेवढ्यात त्याची वाफ पूर्ण होतेच असं नाही. ओली गोधडी उन्हात घातली तर ऊन किती कडक आहे याइतकंच ती किती वेळ उन्हात राहिली हेही महत्त्वाचं, तसंच हे. मी हवेचा वेग निम्मा केला, म्हणजे कणाला दुप्पट वेळ मिळाला, आणि त्याच 75 अंशांना उरलेला भाग आणखी घटला. म्हणजे आलेखावरची रेघ एकट्या जंगलाची नव्हती, तीत माझ्या नळीची लांबीही मिसळलेली होती. त्यामुळे ‘अमुक तापमानाला निम्मा कण उरतो’ एवढंच सांगणं मला अपुरं वाटतं. सोबत वेळ सांगायलाच हवी. त्यावरून रेणूंचे बाष्पशीलतेनुसार, म्हणजे ते किती सहज उडतात त्यानुसार, गट पाडायचे, ही पद्धत 2006 पासून रूढ झाली. प्रत्येक गट आधीच्यापेक्षा दहापट बाष्पशील. बाष्पीभवनाची उष्णता मोलमागे 100 किलोज्यूल धरली, तर हवा 10 अंशांनी तापली की हवेत वाफ म्हणून राहू शकणारं प्रमाण जवळजवळ चौपट होतं. घाटमाथ्यावर पहाट आणि दुपार यांत एवढा फरक सहज पडतो.

आणखी एक सावधगिरी. 200 अंशांच्या आसपास कणांतला अमोनियम सल्फेट हा असेंद्रिय क्षारही उडतो. त्यामुळे तिथली घट सेंद्रियच आहे असं केवळ आकार मोजून म्हणता येत नाही, कणांची रासायनिक घडण वेगळी मोजावी लागते.

लाइट गेली की तापनळी गार व्हायची आणि पुन्हा स्थिर व्हायला वेळ घ्यायची, ते चालायचंच. वणव्याचं तसं नव्हतं. फेब्रुवारी उलटला की आजूबाजूचे डोंगर पेटतात. एका सकाळी ओळखीचे वनरक्षक दादा म्हणाले, “ताई, रातच्याला केळघरच्या अंगाला वणवा लागलाय. तुमच्या यंत्राला आज दिसंल बघा.” दिसलं. सगळ्यात वरच्या तापमानालाही नेहमीपेक्षा बराच जास्त भाग उरत होता, कारण काजळी 300 अंशांनाही जात नाही. ते दिवस मी वेगळे काढून ठेवले. झाडांच्या श्वासाचा हिशेब करताना जळलेल्या गवताचा धूर त्यात मिसळणं मला मान्य नाही, पण ती नोंद टाकूनही दिली नाही. वणव्यामुळे हवेत काय होतं हे साताऱ्याच्या लोकांना कळायलाच हवं.

आता उष्णतेशिवायची पद्धत सुरू केली आहे. कणांसकट हवा एका मोठ्या पिशवीत घ्यायची, स्वच्छ हवेने विरळ करायची आणि नेहमीच्याच तापमानाला कण कसे आक्रसतात ते काही तास पाहायचं. तापनळीच्या आकड्यांवरून बांधलेले गट या संथ घटीलाही लागू पडतात का, ते तपासतेय.