तुम्ही विचारलंत म्हणून: कॅरिबियनमध्ये निवांत कुठे जायचं?

"कॅरिबियनला जायचंय, पण गर्दी नको. समुद्र हवा आणि चार दिवस काही न करता पडून राहायचंय. कुठे जाऊ?" न्यू जर्सीतल्या मैत्रिणी विचारतात, पुण्याहून येणारी भाचरं विचारतात, हल्ली तर मैत्रिणींच्या मैत्रिणीही फोन करतात. बहुतेकींच्या मनात बहामाज किंवा पुंटा काना असं एखादं नाव आधीच असतं. माझं उत्तर मात्र ठरलेलं आहे: बेक्वे. स्पेलिंग वाचून बेक्विया म्हणावंसं वाटेल, पण तिथे सगळे बेक्वेच म्हणतात. हाताशी आठवड्याहून जास्त दिवस असतील तर जोडीला डॉमिनिका.

कारण सांगते. कॅरिबियनमध्ये कुठलं बेट शांत राहिलंय हे वाळूच्या फोटोंवरून कळत नाही. तिथे पोचायचं कसं ते बघायचं. जिथे मोठं विमान थेट उतरतं आणि क्रूझचं जहाज धक्क्याला लागतं, तिथे सकाळी दहाला हजारो माणसं उतरतात आणि संध्याकाळी परत चढतात. त्या बेटाचा सगळा दिवस मग त्यांच्या वेळापत्रकावर चालतो. जिथे शेवटचा टप्पा छोट्या विमानाने किंवा फेरीबोटीनेच गाठावा लागतो, तिथे येणारा माणूस निदान दोन-चार रात्री राहायला येतो. वाट थोडी अवघड असणं हेच त्या बेटांचं कुंपण आहे.

बेक्वे हे सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स या देशातलं बेट. क्षेत्रफळ जेमतेम 18 चौरस किलोमीटर, वस्ती पाचेक हजारांची. सेंट व्हिन्सेंटची राजधानी किंग्सटाऊनच्या धक्क्यावरून फेरी सुटते आणि तासाभरात ॲडमिरल्टी बेमध्ये शिरते. फेरीत पर्यटकांपेक्षा गॅस सिलिंडर, कांद्याची पोती, शाळेच्या गणवेशातली मुलं आणि बाजार करून परतणाऱ्या बायका जास्त असतात. मधली सामुद्रधुनी ओलांडताना बोट चांगलीच हलते. पोटाचा त्रास असेल तर गोळी आधी घ्या आणि मागच्या बाजूला, उघड्यावर बसा.

पोर्ट एलिझाबेथ हे तिथलं एकमेव म्हणावं असं गाव. धक्क्यापासून पाण्याच्या अगदी काठाने एक पायवाट निघते, तिने पुढे जाऊन टेकाड ओलांडलं की प्रिन्सेस मार्गारेट बीच, आणि त्याच्या पलीकडे लोअर बे. दोन्ही किनारे पश्चिमेकडचे, त्यामुळे पाणी बहुतेक वेळा शांत. दिवसभर तुमच्याकडे कुणी काही विकायला येत नाही, मोठ्या आवाजात गाणी लागत नाहीत. नांगरलेल्या शिडाच्या होड्या, पाण्यात डुंबणारी गावातली पोरं, आणि भूक लागली तर किनाऱ्यावरच्या साध्या खानावळी. तुम्हाला हवं होतं ते हेच ना?

एक गोष्ट मात्र चुकवू नका. बेक्वेतले लोक पिढ्यानपिढ्या होड्या बांधणारे. आता मोठ्या होड्या फारशा बांधल्या जात नाहीत, पण ते कसब होड्यांच्या लाकडी प्रतिकृतींत उतरलंय. गावात त्यांच्या कार्यशाळा आहेत आणि कुणीही आत जाऊन बघू शकतं. मी एका कारागिराशेजारी बराच वेळ बसले होते. हातभर लांबीच्या होडीचं पोट तो काचकागदाने घासत होता. थोडं घासायचं, थांबायचं, डोळे मिटून अंगठा फिरवायचा आणि जिथे अंगठा अडखळेल तिथे पुन्हा घासायचं. रंग, शिडं, दोऱ्या, वल्ही हे सगळं नंतरचं. ग्राहक म्हणून त्याने मला एकदाही काही घ्या असं म्हटलं नाही.

त्यातली दोन्ही टोकांना निमुळती होडी दिसली तर ती देवमाशांच्या शिकारीची. 19 व्या शतकात अमेरिकन जहाजांकडून ही विद्या इथे आली. आजही देवमाशांच्या शिकारीचं नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने बेक्वेला वर्षाला सरासरी चार हंपबॅक जातीचे देवमासे मारायची मुभा दिलेली आहे, आणि बरेचदा तेवढेही मिळत नाहीत. मला ही शिकार पटत नाही. पण हे न सांगता तुम्हाला तिथे पाठवणंही मला बरं वाटत नाही, कारण बेटावर देवमाशाची हाडं शोभेला लावलेली दिसतील आणि तुम्ही विचाराल.

आता डॉमिनिका. तिकीट काढताना नाव नीट वाचा, डॉमिनिकन रिपब्लिक हा वेगळा आणि खूप मोठा देश आहे. आपलं डॉमिनिका ग्वाडेलूप आणि मार्टिनिक यांच्यामधलं, 1978 साली ब्रिटनपासून स्वतंत्र झालेलं, सुमारे 750 चौरस किलोमीटरचं डोंगराळ बेट. क्रिकेटवाल्यांना ते वेगळ्या कारणाने ठाऊक असेल: जुलै 2023 मध्ये राजधानी रोझोच्या विंडसर पार्कवर यशस्वी जयस्वालने पदार्पणातच 171 धावा काढल्या आणि समोरून रोहित शर्मानेही शतक ठोकलं. टीव्हीवर मैदानामागे जे हिरवे डोंगर दिसत होते ना, सगळं बेट तसंच आहे.

पांढरी वाळू शोधायला इथे येऊ नका. ज्वालामुखीचं बेट असल्यामुळे किनारे बहुतेक काळे-करडे. रोझोमध्ये हंगामात क्रूझची जहाजंही येतात, म्हणून मुक्काम राजधानीत नको, उत्तरेला पोर्ट्समथच्या बाजूला करा. तिथल्या इंडियन रिव्हरवर इंजिनाची होडी चालवायला बंदी आहे. नावाडी वल्ह्यांनी नेतो. दोन्ही काठांवर ब्लडवुडची झाडं आणि त्यांची फळकुटांसारखी उभी, वळणं घेत पाण्यात उतरलेली मुळं. वल्ह्याचा आवाज आणि खेकड्यांची खसफस, बाकी काही नाही. दक्षिणेला शॅम्पेन रीफवर समुद्राच्या तळातून गरम वायूचे बुडबुडे सतत वर येत असतात. डोळ्यांना चष्मा लावून नुसतं पाण्यावर पालथं पडायचं, पोटाला बुडबुडे लागतात. वॉटन वेव्हनच्या गंधकाच्या गरम कुंडांत संध्याकाळी बसलात की प्रवासाचा शीण पार जातो. उकळत्या तळ्यापर्यंतची पायपीट सगळे सुचवतील, पण ती जवळजवळ पूर्ण दिवसाची आणि दमवणारी आहे. विश्रांतीला गेला असाल तर सोडून द्या.

सप्टेंबर 2017 मध्ये मारिया चक्रीवादळाने हे बेट अक्षरशः सोलून काढलं होतं. जंगल परत आलंय. वेस्लीजवळ मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधायचं काम चालू आहे. तो झाला की तिथल्या लोकांची सोय होईल, त्यांना ती हवीच आहे. तुम्हाला आजचं डॉमिनिका बघायचं असेल तर मात्र फार लांबणीवर टाकू नका.

पुढचा प्रश्न मला आधीच माहीत असतो: शाकाहारी मिळेल का? मिळेल, आणि चांगलं मिळेल. तिथलं कॅलालू म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. पहिला चमचा तोंडात गेला की लग्नाच्या पंगतीतलं फतफतं आठवणारच, फक्त चिंच-गुळाऐवजी मिरची आणि थाइम. मागवताना एवढं विचारा की आत खेकडा किंवा खारवलेलं मांस आहे का, कारण बरेचदा असतं. जमैकात याच नावाखाली माठाच्या जातीची भाजी मिळते, तेव्हा तिथे अळूची अपेक्षा ठेवू नका. कोकणातल्यांना ओळखीचा वाटेल तो नीरफणस. कॅप्टन ब्लायने 1793 मध्ये ताहितीहून त्याची रोपं सेंट व्हिन्सेंटला आणली. हेतू एकच होता, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोटभर खायला घालायचा. आज तोच निखाऱ्यावर भाजलेला नीरफणस तिथे अभिमानाने वाढला जातो. त्रिनिदादमधल्या भारतीय मजुरांनी नेलेली रोटी सगळीकडे पोचली आहे, चणा-बटाट्याची मागा. आणि पाटीवर 'आयटल' लिहिलेलं दिसलं तर डोळे मिटून आत शिरा. ते रास्ताफारी पंथाच्या लोकांचं जेवण, मांस-मासळी वर्ज्य, मिठाचा वापरही जेमतेम. चिमूटभर मीठ वरून घेतलंत तरी कुणी रागावत नाही.

कधी जायचं? जानेवारी ते मे. वादळांचा अधिकृत हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. त्या काळात हॉटेलं स्वस्त मिळतात, पण 1 जुलै 2024 ला बेरिल वादळाने ग्रेनाडा देशातलं कॅरियाकू बेट एका सकाळीत उद्ध्वस्त केलं हे विसरू नका. कॅरियाकूही माझ्या लाडक्या यादीत आहे. तिथल्या लाकडी होड्या बांधण्याच्या परंपरेला युनेस्कोने 2023 मध्ये मान्यता दिली आणि पुढच्याच वर्षी हे झालं. जमलं तर तिथे जा, आणि स्थानिक माणसाच्या घरगुती लॉजमध्येच उतरा. वारा या सगळ्या बेटांवर पूर्वेकडून येतो, त्यामुळे पूर्व किनारा खवळलेला असतो आणि सार्गासमचं शेवाळही तिकडेच जास्त साचतं. खोली ठरवताना पश्चिम बाजू बघा.

ज्यांना वाळूचं काहीच कौतुक नाही त्यांच्यासाठी साबा. डच बेट, वस्ती दोनेक हजार, धावपट्टी जेमतेम 400 मीटरची, वाळूचा किनारा जवळपास नाहीच. डोंगर, धुकं आणि लाल छपरांची घरं.

भारतीय पासपोर्टवर बार्बाडोस, सेंट व्हिन्सेंट आणि डॉमिनिका इथे थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. अडतं ते वाटेत: अमेरिकेतून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो, आणि मधली ग्वाडेलूप-मार्टिनिक ही फ्रान्सची, तिथे शेंगेन व्हिसा आपोआप चालत नाही. नियम बदलतात, तिकिटाआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर तपासा. आईबाबा बरोबर असतील तर लंडनमार्गे बार्बाडोस, तिथे एक रात्र झोप, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं सेंट व्हिन्सेंटचं छोटं विमान, असं करा. दुपारची फेरी आरामात मिळते.