सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि माळा खाली आला

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, म्हणून तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेत राहायचं ठरलं. मूव्हर्सवाला बघायला आला, माळ्यावर टॉर्च मारला आणि म्हणाला, मॅडम हे सगळं न्यायचंय? मी म्हणलं, नाही हो, थोडंच.

सगळे सांगतात कपड्यांपासून सुरुवात कर, मी शहाणी, स्वयंपाकघरापासून केली. स्टीलचे डबे मोजले तर 64 निघाले, आणि निम्म्यांवर नावं कोरलेली, कोण मामी कोण आत्या, आता नाव असलेला डबा कोणाला द्यायचा सांगा! शेवटी 12 ठेवले. साड्या बोहारणीला दिल्या, तिने फार घासाघीस करून एक कढई दिली, म्हणजे घरात परत एक भांडं आलंच 😄

खरी अडचण बंबाची. तांब्याचा, सासूबाईंच्या वाड्यातला, तीस वर्षं पेटलेला नाही. मला वाटलं आई रडतील, म्हणून चार दिवस विषयच काढला नाही. पाचव्या दिवशी त्याच म्हणाल्या, "विक गं तो. रोज पहाटे उठून राख मी काढलीये त्याची, तू नाही." मग काय, रविवार पेठेत नेऊन मोडीत घातला. मोडीचा भाव नव्या भांड्यापेक्षा बराच कमी असतो आणि आतली लोखंडी जाळी वगैरे काढून मगच वजन करतात, तेव्हा फार स्वप्नं बघू नका.

ट्रंकेतले कागद मात्र रद्दीत घालायच्या आधी एकेक बघा. आमच्याकडे सासऱ्यांच्या नावाची शेअर सर्टिफिकेटं निघाली, पिवळी पडलेली. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर कोणाला विकता किंवा ट्रान्सफर करता येत नाहीत, आधी डिमॅट, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात जमा, करावे लागतात, आणि सलग 7 वर्षं डिव्हिडंड घेतलाच नसेल तर शेअर सरकारच्या आयईपीएफ, म्हणजे गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जातात, तिथून क्लेम करून परत मिळवायचे. ते काम अजून चालूच आहे, सह्या जुळत नाहीत, वारसाचे कागद आणा, हे आणा ते आणा. बाकी बंद मोबाईल, चार्जर, वायरींचा गुंता ई-कचऱ्यात दिला, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

नवीन घरात येऊन आठ महिने झाले. आठवण कशाचीच येत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते. मग गेल्या रविवारी पंधरा माणसं जेवायला, पुरणपोळ्या, आणि एवढी कणीक भिजवायला परातच नाही! मोठी परात कामाच्या मावशींना देऊन टाकलेली. लाजत लाजत फोन केला, एक दिवस देता का. त्या म्हणाल्या, "नेऊन देते ताई, पण संध्याकाळी परत पाहिजे हं."