आमची वाटचाल : चारचौघांत लिहिलेला ड्रायव्हर

कारखान्यातल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, लिहिणं हा आमचा पुण्यातला धंदा. रीत पहिल्यापासून एकच: कोड आधी मेनलाइनकडे, म्हणजे लिनक्स कर्नेलच्या (गाभ्याच्या) मुख्य, सर्वांना खुल्या आवृत्तीकडे, मग गिऱ्हाइकाकडे. पॅच (कोडमधले बदल) छोटे, चेकपॅच ही कर्नेलचीच तपासणी-स्क्रिप्ट चालवून तपासलेले.

आरएस-४८५ या कारखान्यातल्या सिरियल जोडणीच्या एका चिपचा ड्रायव्हर असाच नेला. मेंटेनर (कर्नेलच्या त्या भागाचा राखणदार) परत पाठवायचा: लॉक इथे का घेतलं, टायमर कोण थांबवतं? प्रत्येक प्रश्न रास्त होता.

तेवढ्यात एक मोठी कंपनी, नाव घेत नाही, आमच्या गिऱ्हाइकांना सांगू लागली, "याच चिपचा पूर्ण ड्रायव्हर आमच्याकडे आतल्या आत तयार होतोय, यांचं अर्धवट कशाला घेता?" आमच्या दुरुस्त्या जगाला दिसत होत्या, त्यांचं काहीच दिसत नव्हतं. ऑर्डरी गेल्या, पगार थकले. टिकले ते इचलकरंजीचे एक शेठ. त्यांच्या मागांवर पिक (आडवे धागे) मोजणारे बोर्ड आमच्या ड्रायव्हरवर चालायचे. म्हणाले, "तुमची चूक मला दिसतीय तरी. त्यांची माग बंद पडल्यावर दिसंल." आणि पुढच्या कामाचा आगाऊ चेक दिला.

त्या मोठ्या कंपनीचा कोड अखेर आला तो एका गठ्ठ्यात. हजारो ओळी, जुन्या कर्नेलला बांधलेल्या. असला गठ्ठा कुठलाच मेंटेनर घेत नाही. मेनलाइनबाहेर बनलेल्या अँड्रॉइडच्या वेकलॉकलाही (फोनला झोपू न देणारी सोय) हे चुकलं नाही: फोन बाजारात २००८ला, पॅच चर्चेला २००९मध्ये, आणि मेनलाइनमधला तोडगा २०१२च्या ३.५ कर्नेलमध्ये.

मग जानेवारी २०१८मध्ये ४.१५ कर्नेल आलं. टायमर लावायचं जुनं फंक्शन सेटअप_टायमर गेलं, नवं टायमर_सेटअप तेवढं राहिलं. मेनलाइनचा नियम असा की कर्नेलचा आतला एपीआय (फंक्शन वापरायची ठरलेली पद्धत) जो बदलेल त्यानेच झाडातले, म्हणजे मेनलाइनमध्ये असलेले, सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे. आमचा ड्रायव्हर आम्ही हात न लावता दुरुस्त झाला. त्यांचा कंपाइलसुद्धा होईना.

आज त्यांच्या माहितीपत्रकात 'लिनक्स सपोर्ट' म्हणून छापलंय ते आमचंच काम आहे. लायसन जीपीएल आहे, कुणीही वापरू शकतं, हरकत नाही. पण सोडून गेलेल्या गिऱ्हाइकांपैकी एकानेही फोन केला नाही, हे मनातून जात नाही.

नव्या कंपन्यांनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. पॅच कच्चा असतानाच आरएफसी (मतं मागवणारा मसुदा) म्हणून पाठवा. डिझाइन पक्कं करून गेलात आणि मेंटेनरने मोडायला लावलं, तर तोवरचे पगार पाण्यात. गुपित ठेवायचंच असेल तर ते हार्डवेअरमध्ये ठेवा. आणि पॅचमधल्या साइन-ऑफवर (सहीच्या ओळीवर) ज्या पोराने कोड लिहिला त्याचंच नाव जाऊ द्या. मेंटेनरच्या प्रश्नाला उत्तर त्यालाच देता येतं.