तुम्ही विचारलंत म्हणून: हे असले पिस्तूल कशाला?

नेमबाजीच्या रेंजवर माझ्या शेजारी नेहमी उभे राहणारे एक गृहस्थ, माझे थोरले मेहुणे आणि पिस्तुलाची दुरुस्ती करणारा एक कारागीर हे तिघे एकमेकांना ओळखत नाहीत, पण तिघांनीही मला कधी ना कधी एकच प्रश्न विचारला आहे. चांगली, नवी, पंधरा-सतरा गोळ्यांची पिस्तुले सहज मिळत असताना त्यांच्या तिप्पट-चौपट पैसे मोजून, आठच गोळ्या मावणारे आणि कारखान्याने बनवणे केव्हाच बंद केलेले हे विचित्र यंत्र तुम्ही का घेतलेत? आजवर मी ‘हौसेला मोल नसते’ असे म्हणून वेळ मारून नेत आलो. ते उत्तर खरे नव्हते, कारण नेमबाजीची हौस कोणत्याही बऱ्या पिस्तुलाने भागली असती. तेव्हा एकदा नीट सांगतो.

हे पिस्तूल म्हणजे हेक्लर अँड कॉख या जर्मन कंपनीचे ९ मिलिमीटरचे पी-७, आणि त्यातला माझ्याकडचा प्रकार एम-८. लांबी सुमारे १७ सेंटिमीटर, नळी १०५ मिलिमीटरची, आणि रिकामे असताना वजन पाऊण किलोपेक्षा थोडे अधिक. पाहताना पहिल्यांदा खटकते ती त्याची मूठ. मुठीच्या पुढच्या अंगाला, जिथे आपली तीन बोटे वळतात, तिथे वरपासून खालपर्यंत एक रुंद पट्टी आहे आणि ती दाबली की आत जाते. या पट्टीशिवाय पिस्तूल मृतवत असते. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, काडतूस असले आणि चाप कितीही ओढला तरी काही होत नाही, कारण काडतुसावर आघात करणारी आतली फायरिंग पिन ताणलेलीच नसते. पट्टी आवळली की पिन ताणली जाते आणि तिचे शेपूट स्लाइडच्या, म्हणजे गोळी सुटल्यावर मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, मागच्या बाजूने किंचित बाहेर येते. मूठ सैल सोडली की ‘खट्’ असा आवाज होऊन ते पुन्हा आत जाते. पट्टी आवळायला सुमारे ७ किलोचा जोर लागतो, पण एकदा आत गेली की तिला तिथे धरून ठेवायला किलोभर जोरही पुरतो. सेफ्टीचा निराळा खटका या पिस्तुलाला नाही, कारण तुमचा हातच तो खटका आहे.

ही कल्पना कोणा विक्षिप्ताच्या डोक्यातून आलेली नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील हल्ल्यानंतर पश्चिम जर्मनीतील पोलिसांना आपल्या जुन्या ७.६५ मिलिमीटरच्या पिस्तुलांचा तोकडेपणा प्रकर्षाने जाणवला, आणि त्या दशकात ९ मिलिमीटरच्या नव्या पिस्तुलासाठी अटी ठरल्या. त्यातली कळीची अट अशी होती की पिस्तूल भरलेल्या स्थितीत निर्धास्तपणे बाळगता आले पाहिजे, पण बाहेर काढल्यावर कोणताही खटका सरकवत न बसता त्यातून तत्काळ गोळी सुटली पाहिजे. या चाचण्यांतून तीन पिस्तुले मान्य झाली. वाल्थरचे पी-५, सिगचे पी-६ आणि हे पी-७. पहिल्या दोघांनी रुळलेल्या वाटेनेच जाऊन, पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड ठेवून प्रश्न सोडवला. पी-७ च्या रचनाकारांनी मात्र ‘तयार होणे’ ही क्रिया चापावरून काढून मुठीत आणून ठेवली. त्यामुळे पहिल्या गोळीपासून आठव्या गोळीपर्यंत चाप सारखाच राहतो, सुमारे दोन किलोचा आणि स्वच्छ सुटणारा. ज्याने जड चापाची पहिली गोळी आणि हलक्या चापाची दुसरी गोळी एकाच लक्ष्यावर मारून पाहिली आहे आणि त्या दोन भोकांमधले अंतर मोजले आहे, त्याला या एका गोष्टीचे मोल निराळे सांगावे लागणार नाही.

नळीची गोष्टही अशीच आहे. आजच्या बहुतेक मोठ्या पिस्तुलांत गोळी सुटल्यावर स्लाइडबरोबर नळीही थोडी मागे येते आणि तिचे मागचे टोक खाली झुकते. चेंबरमधला दाब उतरेपर्यंत पिस्तूल बंद राहावे, यासाठी ही योजना असते. पी-७ मध्ये नळी सांगाड्यात पक्की बसवलेली आहे आणि ती हलतच नाही. मग स्लाइडला थोपवून कोण धरते? चेंबरच्या लगेच पुढे नळीला एक बारीक छिद्र आहे. गोळी पुढे निघाली की जळलेल्या दारूचा थोडा वायू त्या छिद्रातून नळीखालच्या एका छोट्या सिलिंडरमध्ये शिरतो. स्लाइडच्या पुढच्या टोकाला अडकवलेला एक दट्ट्या याच सिलिंडरमध्ये मागे सरकू पाहत असतो आणि हा वायू त्याला उलट पुढे रेटतो. म्हणजे ज्या स्फोटाने स्लाइड मागे फेकली जाते, त्याच स्फोटातला थोडा वाटा घेऊन तिला क्षणभर धरून ठेवले जाते. गोळी नळीबाहेर पडली की दाब ओसरतो आणि स्लाइड मोकळी होते. मला हे पहिल्यांदा उमगले तेव्हा मी पिस्तूल उघडून तो दट्ट्या त्या सिलिंडरात कितीतरी वेळ नुसताच आतबाहेर करत बसलो होतो.

याच तत्त्वावरची एक बंदूक जर्मनीने दुसऱ्या महायुद्धाच्या अगदी शेवटच्या काळात बनवली होती, हे कळल्यावर मला गंमत वाटली. फोल्क्सश्टुर्म या घाईने उभारलेल्या नागरी फौजेसाठीची ती बंदूक ओबडधोबड होती आणि ती निघाली होतीच मुळी स्वस्तात काम भागवण्यासाठी. तेव्हा कल्पना महाग नव्हती. पी-७ महाग झाले ते घडणीमुळे, कारण त्याचा सांगाडा पोलादातून कोरून काढावा लागतो, सिलिंडर आणि दट्ट्या यांच्यात केसभरही ढिलाई चालत नाही, आणि मुठीतल्या पट्टीची यंत्रणा एवढ्याशा जागेत बसवायची म्हणजे घड्याळजीचेच काम.

पहिल्या दिवशी मी याच्याशी अगदी वाईट वागलो. पट्टी आवळायला सात किलोचा जोर लागतो म्हणून मी तेवढाच जोर शेवटपर्यंत लावून धरला. त्यामुळे मनगट थरथरू लागले आणि आठपैकी पाच गोळ्या खाली डावीकडे गेल्या. उजव्या हाताने नेम धरणारा जेव्हा मूठ नको तेवढी आवळतो, तेव्हा गोळ्या नेमक्या तिकडेच जातात. आवळण्याचा जोर आणि धरून ठेवण्याचा जोर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे डोक्याला पाच मिनिटांत पटले, पण हाताला पटायला बरेच आठवडे लागले. त्यानंतर मात्र जे घडले त्यासाठी मी आजही या पिस्तुलाला सोडायला तयार नाही. नळी हाताच्या इतकी जवळ आणि खाली आहे की धक्का सरळ तळव्यात येतो, पुढचे टोक फारसे उसळत नाही, आणि नेम धरायची पुढची माशी व मागची खाच पुन्हा एका रेषेत येण्याची वाट पाहावी लागत नाही. मूठही तिरपी आहे, त्यामुळे डोळे मिटून हात पुढे केला तरी नळी बोटाने दाखवल्यासारखी सरळ समोर जाते. काडतुसांची पेटी, म्हणजे मॅगझिन, मात्र त्या तिरप्या मुठीत जवळजवळ उभे बसते, म्हणून काडतूस वळणे न घेता थेट चेंबरमध्ये शिरते. आठवी गोळी सुटली की स्लाइड मागे अडकते. नवे मॅगझिन सारून पट्टी सोडून पुन्हा आवळायची, की स्लाइड आपोआप पुढे येते आणि पिस्तूल तयारही होते. अंगठ्याला काही कामच उरत नाही.

रिकाम्या पुंगळ्या गोळा करताना माझी पुंगळी शेकड्यांतूनही ओळखता येते. पी-७ च्या चेंबरला आतून लांबट खाचा आहेत. त्यांतून वायू पुंगळीच्या बाहेरून मागे येतो, म्हणून ती चिकटून न बसता सुटते. त्या खाचांची काजळी पितळेवर उभ्या काळ्या रेघांसारखी उमटते. शेजारचे गृहस्थ माझ्या पुंगळ्या न विचारता माझ्याकडे सरकवतात ते त्या रेघा पाहूनच.

आता याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी, नाहीतर मीही विक्रेत्यासारखा बोलतो आहे असे वाटेल. तो गरम वायू ज्या सिलिंडरात कोंडला जातो, तो चापाच्या बरोबर वर आहे. पाच-सहा मॅगझिने भराभर झाडली की चापाच्या वरचा सांगाडा इतका तापतो की बोट तिथे टेकवत नाही. एम-८ मध्ये यासाठी प्लॅस्टिकचे उष्णतारोधक कवच घातलेले आहे, पण ते भाजणे लांबवते, टाळत नाही. त्यात पंचाईत अशी की सुरक्षिततेचा पहिला धडा म्हणजे बोट चापावर न ठेवता सांगाड्याच्या कडेला सरळ ठेवणे, आणि नेमका तोच भाग तापलेला. मी त्यावर उपाय एवढाच काढला की चार मॅगझिने झाली की स्लाइड उघडी ठेवून पिस्तूल टेबलावर ठेवायचे आणि दहा मिनिटे इतरांचे पाहायचे. शिवाय उघड्या शिशाच्या स्वस्त गोळ्या यात चालवू नयेत, कारण शिसे त्या बारीक छिद्रात साचत जाते. तांब्याचे आवरण असलेल्या गोळ्याच लागतात आणि त्यांचा खर्च जास्त. प्रत्येक वेळी घरी येऊन त्या सिलिंडरातली काजळी निराळ्या हत्याराने खरवडावी लागते, ते तर सांगायलाच नको.

एक धोका मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसाचा हात झटक्याने आवळला गेला की पाचही बोटे एकदम वळू पाहतात. या पिस्तुलात तर आवळणे हीच तयारीची क्रिया आहे, त्यामुळे बोट आधीच चापावर असेल तर आवळता आवळता गोळी सुटू शकते. म्हणून नळी लक्ष्याकडे वळल्यावर पट्टी आवळायची आणि चापावर बोट त्यानंतरच न्यायचे, हा क्रम मी अजूनही मनात मोजत पाळतो, आणि ज्याला तो क्रम रिकाम्या पिस्तुलावर वीस वेळा न चुकता करून दाखवता येत नाही, त्याच्या हाती मी भरलेले पी-७ देत नाही. पिस्तूल हातातून निसटले तर ते पडतापडताच निर्धोक होते, हा मात्र त्याच रचनेचा दुसरा, चांगला भाग.

शेजारच्या गृहस्थांचा युक्तिवाद मला तोंडपाठ आहे आणि तो बिनतोड आहे. पी-७ चे उत्पादन १९७९ मध्ये सुरू झाले, आणि अवघ्या तीन वर्षांनी, १९८२ मध्ये, ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉकचे प्लॅस्टिकच्या सांगाड्याचे पिस्तूल स्वीकारले. खटका नको, पिस्तूल कायम तयार हवे, पहिला आणि शेवटचा चाप सारखाच हवा, हाच प्रश्न त्यानेही सोडवला. पण चापाच्या आत एक छोटी पट्टी बसवून आणि कमी खर्चात. गोळ्या सतरा, वजन कमी आणि शिकवायलाही सोपे. पी-७ ची तेरा गोळ्यांची आवृत्ती अमेरिकी सैन्याच्या चाचण्यांपर्यंत गेली, पण तिथे बेरेटा जिंकले. बव्हेरियाचे पोलीस आणि जीएसजी-९ हे कमांडो दल यांनी पी-७ वापरले, अमेरिकेतील न्यू जर्सीच्या राज्य पोलिसांनीही ते घेतले, पण २००८ पर्यंत उत्पादन आटोपले. थोडक्यात, मी हरलेल्या उत्तरासाठी पैसे मोजले, हे गृहस्थांचे म्हणणे मला मान्य आहे. मला ते उत्तर आवडते ते त्यातल्या निर्णयाच्या जागेमुळे. ग्लॉकमध्ये सगळा निर्णय एका बोटाच्या टोकावर असतो. पी-७ मध्ये आधी अख्खा हात होकार देतो, मग बोट. शांतपणे नेम धरताना ते दोन होकार मला निरनिराळे जाणवतात, आणि दुसऱ्या कोणत्याही पिस्तुलात ते जाणवत नाहीत. आता सवय अशी लागली आहे की मित्राचे पिस्तूल हातात घेतले तरी माझी तीन बोटे तिथे नसलेली पट्टी शोधतात.

कारागिराच्या प्रश्नात मात्र चिडही होती. दोन वर्षांपूर्वी माझ्या पिस्तुलातली एक छोटी स्प्रिंग तुटली. ज्यांच्याकडे सुटे भाग मिळतील असे मला खात्रीने सांगितले होते, त्यांनी पैसे आधी घेतले, चार महिने आज-उद्या केले आणि शेवटी भलत्याच प्रकारच्या पी-७ ची स्प्रिंग पाठवली. योग्य स्प्रिंग मिळेपर्यंत पिस्तूल सात महिने कुलपात होते. तेव्हापासून एका डबीत दोन फायरिंग पिना आणि स्प्रिंगांचा एक पूर्ण संच मी जपून ठेवला आहे. तो संच मिळवताना जे मोजावे लागले, त्याचा आकडा मी घरी सांगितलेला नाही.

राहिले मेहुणे. त्यांनी गेल्या खेपेला पुन्हा तोच प्रश्न केला, तेव्हा मी त्यांना रेंजवर घेऊन गेलो, वीस वेळा रिकामे आवळायला लावले आणि मग तीन मॅगझिने भरून दिली. पहिल्या आठ गोळ्या माझ्या पहिल्या दिवसासारख्याच खाली डावीकडे गेल्या, दुसऱ्या आठ थोड्या वर सरकल्या, आणि तिसऱ्या मॅगझिनमधल्या चार गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. त्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवले, बोटे चोळली आणि म्हणाले, “अहो, पिस्तूल चांगले आहे, पण पैसे जास्तच दिलेत तुम्ही.” त्या चोवीस गोळ्यांची काजळी रात्री मलाच खरवडावी लागली.