सांधे दुखतात, पण कुठले आणि किती वाजता?

‘संधिवात आहे’ हे काही निदान नव्हे. या एका नावाखाली शंभरावर आजार मोडतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. रक्त तपासायला धावण्याआधी दोन गोष्टी बघा: सकाळी सांधे किती वेळ आखडलेले राहतात, आणि दुखणं नेमकं कुठल्या सांध्यांना धरतं.

झिजेच्या संधिवातात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, आखडलेले सांधे साधारण अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात. दिवसभर वापर झाला की दुखणं वाढतं, टेकलं की उतरतं. गुडघा, खुबा, अंगठ्याचं मूळ आणि बोटांची नखांजवळची पेरं ही याची ठरलेली ठिकाणं. पेरांवर आलेली गाठ हाडासारखी टणक लागते.

ह्रुमॅटॉइड संधिवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. त्याचं वेळापत्रक वेगळं. सकाळी तासभर, कधी त्याहून जास्त, मूठ वळत नाही. हालचाल सुरू झाली की हळूहळू सुटते. दुखणं बहुधा दोन्ही हातांना येतं: मनगटं, बोटं तळव्याला मिळतात ते सांधे आणि मधली पेरं. नखांजवळची पेरं सहसा वाचतात. सूज दाबली तर मऊ, स्पंजासारखी लागते. हात मिळवताना पंजा आडवा दाबला जाऊन कळ येत असेल, तर ती खूण महत्त्वाची. असं काही आठवडे चाललं असेल तर ह्रुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरला, दाखवायला उशीर नको, कारण हाडाची झालेली झीज नंतर भरून येत नाही.

इथेच आर. ए. फॅक्टरचा, म्हणजे ह्रुमॅटॉइडसाठी करतात त्या रक्ततपासणीचा, घोळ होतो. ही तपासणी काही निरोगी माणसांत, विशेषतः उतारवयात, आणि हिपॅटायटिस सी झालेल्यांतही पॉझिटिव्ह येते. उलट ह्रुमॅटॉइडच्या बऱ्याच रुग्णांत निगेटिव्ह. अँटी-सीसीपी ही दुसरी रक्ततपासणी त्यापेक्षा भरवशाची. पण सूज कुठेच नसताना नुसत्या कागदावरून आजार ठरवू नये.

गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणारा संधिवात, रात्री झोपेतून उठवतो. बहुतेकदा पायाच्या अंगठ्याचं मूळ लालभडक होतं, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. कळ चोवीस तासांत शिगेला पोचते आणि आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. गंमत अशी की ऐन झटक्यात रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल दिसू शकतं; म्हणून झटका उतरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावं. आणि युरिक ॲसिड वाढलेलं, पण झटका एकदाही नाही, तर तो गाऊट नव्हे. पक्कं निदान सांध्यातल्या पाण्यात स्फटिक दिसल्यावर. ॲलोप्युरिनॉल हे युरिक ॲसिड उतरवणारं औषध कमी डोसाने सुरू करून रक्तातली पातळी दर डेसिलिटरला ६ मिलीग्रॅमखाली आणतात. सुरुवातीला झटके वाढतात, कारण साठलेले स्फटिक विरघळायला लागतात. नेमकं तेव्हाच लोक गोळी सोडतात. म्हणून पहिले काही महिने सोबत झटके रोखणारं कोल्चिसिन दिलं जातं.

नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे, त्वचेवर खपल्यांचे चट्टे, एखादं बोट सबंध सुजलेलं, असं असेल तर सोरायसिसचा संधिवात मनात धरावा. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली कंबरदुखी पहाटे जागं करते, झोपून राहिल्याने वाढते आणि चालल्यावर कमी होते, तर कण्याचा दाहक संधिवात.

एकच सांधा अचानक गरम होऊन सुजला, हलवताच येत नाही आणि सोबत ताप आहे, तर त्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, घरात उरलेली अँटिबायोटिक गोळी आधी घेऊ नका. सांध्यातलं पाणी काढून तपासायचं असतं, आणि त्या गोळीने जंतू सापडणं अवघड होतं.

ह्रुमॅटॉइडसाठी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. वार ठरवून तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि घरात गोळ्या काढून देणाऱ्यालाही सांगून ठेवा.